मैत्रिणींबरोबर हॉटेलात जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो

‘ग्रुपवर शनिवारी जेवायला जायचं ठरलं की मला शुक्रवारपासूनच धडकी भरते.’ ही तक्रार घेऊन बरेच तरुण येतात. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाकडे काय जायचं, असंही त्यांना वाटत असतं. म्हणून सांगलीतल्या एका मुलीचा अनुभव तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे बदल करून सांगते.

ती तासगावकडची, घरी द्राक्षबाग. नोकरी विश्रामबागेत. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर गाड्यावर भेळ खात मनसोक्त हिंडलेली. पुढे सगळ्यांचे पगार सुरू झाले. मैत्रिणी मंद दिव्यांच्या, सात-आठ टेबलांच्या छोट्या रेस्टॉरंटात जायला लागल्या आणि हिची कारणं सुरू झाली. कधी डोकं दुखतंय, कधी गावाकडे पाहुणे. एकदा गेली, ती घरून पोटभर जेवून. तिथे फक्त सूप घेतलं, पण हाताची थरथर कुणाला दिसू नये म्हणून बाउलवर अक्षरशः वाकून प्यायली. इतर वेळी ‘मला पण तेच’ एवढंच म्हणायची, कारण मेनूकार्डावरचं नाव चुकीचं उच्चारलं तर?

‘मॅडम, मला फक्त काटा-सुरी शिकवा,’ ती म्हणाली. ते लगेच शिकवून झालं: काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, नॅपकिन मांडीवर, आणि रोटी हातानेच तोडायची. तरी भीती जागची हलली नाही.

घरून जेवून जाणं, बाउलवर वाकणं, दुसरीचंच मागवणं हे सगळं ती स्वतःला वाचवण्यासाठी करत होती. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं: अशा युक्त्यांनी वेळ निभावते, पण भीती खरी होती का, हे कधी तपासलंच जात नाही. ‘वाकून प्यायले म्हणून वाचले’ असंच मन धरून बसतं. शिवाय सगळं लक्ष आपल्याच हाताकडे असल्यामुळे समोरची मैत्रीण काय बोलतेय, तेही कानावर पडत नाही.

लोकांचं आपल्याकडे किती लक्ष असतं, यावर थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक अभ्यास आहे. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात आलं होतं. तिला हे पटलं, पण नुसतं पटून भागत नाही. मग ती एका मैत्रिणीबरोबर साध्या हॉटेलात गेली. वेटरला ‘यात काय काय असतं?’ असं विचारलं आणि मुद्दाम चमचा खाली पाडला. वेटरने दुसरा आणून दिला आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. मैत्रीण आपल्या सासूबद्दल बोलत होती, ती बोलतच राहिली.

यानंतर खरी गोष्ट बाहेर आली: पैसे. पगारातला मोठा हिस्सा ती घरी देत होती आणि बिल मात्र सगळ्यांत समान वाटलं जायचं. संकोच आणि पैशाची चणचण एकमेकांत गुंतलेली असतात, आणि दुसरीबद्दल कुणी चटकन बोलत नाही. आम्ही एकच वाक्य ठरवलं आणि तिने ते आधीच ग्रुपवर टाकलं: ‘मी येते, पण माझं बजेट पाचशे आहे, माझं बिल वेगळं करू.’ एका मैत्रिणीने ‘एवढं काय गं’ म्हणून नाक मुरडलं. बाकीच्यांनी अंगठ्याची खूण टाकून होकार दिला. ती गेली. सूपचा पहिला चमचा उचलताना हात थरथरला, पण ती वाकली नाही.

बिलावर सर्व्हिस चार्ज लावलेला होता. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला तो बिलात परस्पर लावता येत नाही. द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाने ठरवायचं. हे तिला माहीत होतं, पण त्या दिवशी काढायला सांगण्याचं धाडस झालं नाही. पुढच्या खेपेला सांगेन म्हणाली.

अशी भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली आणि तिच्यापायी कॉलेज, नोकरी किंवा माणसं सुटायला लागली, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.