प्लेगच्या वेळचे सरकारी उपाय आणि कोरोनातले, यात खरंच काही फरक होता का?

चाचणी सोडली तर फारसा नाही. मार्च २०२० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघाले तेही १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे, आणि तो कायदा इंग्रजांनी प्लेगसाठीच केलेला. त्याच वर्षी पुण्यात गोरे शिपाई घराघरांत घुसले आणि प्रकरण प्लेग अधिकारी रँडच्या खुनापर्यंत गेलं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनीही लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं, पण हुकूम आपल्या राजाचा होता. माझ्या मते तिथंच निम्मं काम झालं.

कोरोनातही तेच दिसलं. अंबाबाईचं मंदिर बंद, जोतिबाची चैत्र यात्रा रद्द. लोक हळहळले, पण ऐकलं. दूध मात्र थांबवता येत नाही, म्हैस काय लॉकडाऊन पाळणार? आमच्या गावच्या डेअरीसमोर चुन्याचे गोल आखले होते. दोन दिवसांत गोलात फक्त किटल्या उभ्या आणि माणसं शेजारच्या पारावर खांद्याला खांदा लावून गप्पा मारत! शेवटी सचिवानं गल्लीवार वेळ ठरवून दिली, तेव्हा कुठं गर्दी मोडली.

२०२१ च्या उन्हाळ्यात मात्र धीर सुटला. राज्यात इतरत्र निर्बंध सैल होत होते आणि कोल्हापुरात रुग्ण कमी होईनात, म्हणून दुकानं बंदच. व्यापारी चिडले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भाडं, कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता यातलं काहीच बंद नव्हतं.