हिरड्यांतून रक्त येतंय, दोष लिव्हरचा की दातांचा?

प्रश्न : बाबा ६१ वर्षांचे, त्यांना लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) आहे. दात घासताना रक्त येतं म्हणून ब्रश सोडून बोटाने मंजन लावतात. डेंटिस्टने स्केलिंग (दातांवरचं किटण खरवडून काढणं) सांगितलंय, पण प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) कमी, ७२,००० आहेत. खर्राही (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सुटत नाही. काय करावं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : रक्त लवकर थांबत नाही, हा दोष लिव्हरचा. ते गोठवणारी बहुतेक प्रथिनं लिव्हरच तयार करतं. शिवाय वाढलेल्या पांथरीत (स्प्लीन) प्लेटलेट्स अडकून पडतात. पण रक्त सुरू होतं ते बहुधा हिरडीच्या कडेला साचलेल्या किटणामुळे. ब्रश बंद केला की किटण वाढणार, रक्तही वाढणार.

उलट दिशेनेही त्रास होतो. दात आणि हिरडी यांतली फट १ ते ३ मिलिमीटरची असते. ती ५-६ झाली की तिथले जंतू लाळेबरोबर सतत पोटात जातात, आणि आतड्यातलं रक्त आधी लिव्हरकडेच जातं. हिरड्या साफ करून सिरॉसिस जात नाही. लिव्हरवरचा जंतूंचा भार तेवढा हलका होतो.

७२,००० वर स्केलिंग सहसा करता येतं. ५०,००० च्या खाली मात्र लिव्हरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ताजा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) यांचे रिपोर्ट घेऊन सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दवाखाना उघडा असतो. सगळं तोंड एका बैठकीत करू नका. आधी एक कोपरा, तिथलं रक्त नीट थांबलं तरच पुढचा. गॉज दाबून १५ मिनिटं ठेवा. ‘थांबलं का’ म्हणून मध्येच उचललं की गुठळी निघते. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयातही स्केलिंग होतं.

दुखलं तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. किडनीवर ताण येतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. लोक घाबरतात पॅरासिटामॉलला, पण डॉक्टरांना विचारून दिवसाला २ ग्रॅमपर्यंत तेच बरं.

घरी मऊ ब्रश, हिरडीकडे तिरपा धरून, दोनदा. पहिला आठवडाभर रक्त दिसेल, थांबू नका. माउथवॉश अल्कोहोल नसलेलाच घ्या.

खर्रा जिथे दाबून ठेवतात तिथली हिरडी खाली उतरते आणि मूळ उघडं पडतं. ते स्केलिंगने भरून येत नाही. गालात पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड कमी उघडायला लागलं, तर स्केलिंगच्या आधी तेच दाखवा.