‘नाइस’ या शब्दाचा उलटा प्रवास

शब्दांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास आपण नव्याने सुरू करत असाल, तर ‘नाइस’ या रोजच्या इंग्रजी शब्दापासून आरंभ करावा, असे मी सुचवेन. याचे मूळ लॅटिनमधील ‘नेस्कियस’, म्हणजे ‘अज्ञानी’. त्यातील ‘जाणणे’ या अर्थाचा धातू ‘सायन्स’ या शब्दातही आहे, ही गंमतच म्हणायची. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत सुमारे १३०० साली आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे तो ‘चोखंदळ’, मग ‘काटेकोर’ असा सरकत गेला आणि अठराव्या शतकात ‘छान’ या अर्थी रुळला. सूक्ष्म भेदाला ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, त्यात तो काटेकोरपणा अजून शिल्लक आहे. ‘सिली’ मात्र उलट दिशेने गेला: ‘भाग्यवान’पासून ‘मूर्ख’पर्यंत.

म्हणूनच जुना उतारा वाचताना आजचा अर्थ त्यावर लादू नये. शब्दकोशातील कालानुक्रमे दिलेली अवतरणे आधी पाहावीत, आणि मूळ अर्थ हाच खरा अर्थ, असा आग्रह धरणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे.