कार्यशाळेला येताना स्वतःची फाईल घेऊन या

संशोधकांसाठी होणाऱ्या संगणन आणि प्रस्तावलेखनाच्या (म्हणजे संशोधनासाठी अनुदान मागणारा अर्ज लिहिण्याच्या) कार्यशाळांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न इथे घेते आहे. नावं गाळली आहेत.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. चार वर्षांत नऊ एफडीपी (अध्यापक विकास कार्यक्रम) केल्या, त्यांतल्या तीन पायथन आणि आर या संगणकीय भाषांवरच्या होत्या. देवराईतल्या झाडांची नोंदवही कपाटात पडून आहे. प्रमाणपत्रं सगळी आहेत, पण स्वतःहून दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. आता कोणती कार्यशाळा करू?

निदान सहा महिने एकही करू नका. तुमच्यात काही कमी आहे असं मला वाटत नाही. तुम्हाला शिकवलं गेलं ते दुसऱ्याच्या माहितीवर, एवढंच झालं आहे. आर शिकवणाऱ्या बहुतेक कार्यशाळांत आयरिसच्या फुलांची तीच ती माहिती वापरतात, हे वनस्पतिशास्त्राचे असल्यामुळे तुमच्या लक्षात राहिलं असेल. तीन प्रजाती, १५० फुलं, प्रत्येकाची चार मापं. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी ती १९३६ साली आपल्या शोधनिबंधात वापरली. त्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नाही आणि एकही नाव चुकलेलं नाही. त्यावर आलेख पहिल्या झटक्यात येतो आणि आपल्याला आलं असं वाटतं.

तुमच्या कपाटातली देवराईची नोंदवही तशी नसते. पिंपळाचं शास्त्रीय नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं, एका पानावर उंची फुटांत तर दुसऱ्यावर मीटरमध्ये. रिकाम्या जागेचा अर्थ ‘झाड नव्हतं’ की ‘मोजायचं राहिलं’, हे ज्या विद्यार्थ्याने नोंद केली त्यालाच ठाऊक. खरं शिकणं ही नोंदवही साफ करताना होतं. म्हणून एकच फाईल घ्या आणि एकच प्रश्न घ्या: कोणत्या देवराईत किती प्रजाती? मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवा, तिला पुन्हा हात लावू नका. दुसऱ्या प्रतीवर रोज एक तास, चार आठवडे. पहिला आठवडा नुसती फाईल उघडण्यात आणि नावं एकसारखी करण्यात जाईल. तो वाया गेला असं मुळीच समजू नका.

अडलं तर मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. छोटे छोटे पाठ, विनामूल्य, आणि त्यांतले बरेच मराठी आवाजातही आहेत. समोर पाठ चालू ठेवून शेजारच्या खिडकीत स्वतः टाइप करायचं, अशीच त्यांची रचना आहे. नुसते पाहून उपयोग नाही.

एक्सेल सोडवत नसेल तर वापरा, पण त्याच्या सवयी ओळखून. जनुकांची काही नावं एक्सेल परस्पर तारखा करून टाकायचं. हे इतकं वाढलं की २०२० मध्ये नामकरण समितीने त्या मानवी जनुकांची नावंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलची ओळींची मर्यादा संपल्यामुळे कोविडच्या जवळपास १६,००० रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. चूक कुणाच्याही फाईलमध्ये होते. सगळ्या पायऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या असल्या की ती शोधता येते, म्हणून तर हा खटाटोप.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन कक्षाची मी समन्वयक आहे. दोन दिवसांची संगणन कार्यशाळा घ्यायची आहे. नोंदणी ९० जणांची झाली आहे, प्रयोगशाळेत २२ संगणक आहेत, इंटरनेट बेभरवशाचं. कसं करू?

९० जणांना घेऊ नका. एका वेळी २२ जणांना घ्या आणि कार्यशाळा पाचदा करा. अहवालात आकडा लहान दिसेल हे मला माहीत आहे आणि त्यासाठी प्राचार्यांना पटवावं लागेल तेही माहीत आहे. पण एका संगणकावर चौघे बसले की एकजण टाइप करतो आणि तिघे मान डोलावतात.

सॉफ्टवेअर कार्पेंट्री नावाचा उपक्रम १९९८ पासून संशोधकांना हेच शिकवतो आहे. त्यांच्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचला. पहिली, प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद द्यायचे. काम झालं की एक रंग संगणकावर लावायचा, अडलं की दुसरा. भर वर्गात ‘मॅडम, मला जमलं नाही’ म्हणायला वरिष्ठ प्राध्यापकांना संकोच वाटतो, आणि या कागदामुळे तो जातो. दुसरी, शिकवणाऱ्याने तयार स्लाइड दाखवायच्या नाहीत. पडद्यावर सगळ्यांदेखत टाइप करायचं, चुकायचं, आणि आलेला लाल संदेश मोठ्याने वाचून चूक दुरुस्त करायची. नवख्याला सर्वांत जास्त भीती त्या लाल संदेशाची असते.

आदल्या दिवशी दुपारी फक्त सॉफ्टवेअर बसवण्यासाठी सगळ्यांना बोलवा. फाईली पेन ड्राइव्हवर आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी अडायला नको. सहा-सात जणांमागे एक मदतनीस हवा. एमएस्सीची चांगली मुलं हे काम मनापासून करतात. आज्ञा इंग्रजीत असल्या तरी बोलणं मराठीत ठेवा. उद्घाटन अर्ध्या तासात आटपा. पहिल्या दिवशीची सकाळ हीच शिकण्याची सर्वांत ताजी वेळ असते आणि ती बहुतेक ठिकाणी सत्कार आणि मनोगतांत जाते. मला याचं दर वेळी वाईट वाटतं.

आणि प्रमाणपत्र दोन महिन्यांनी द्या, प्रत्येकाने स्वतःच्या माहितीवर केलेला एक आलेख आणून दाखवल्यावर.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या भूजलातील फ्लोराइडवर मी प्रस्ताव पाठवला होता. ‘उद्दिष्टे मोघम, कार्यपद्धती अपुरी’ एवढ्या दोनच शब्दप्रयोगांत तो परत आला. प्रस्तावलेखनाच्या दोन कार्यशाळा केल्या आहेत. चूक कुठे झाली?

तुम्ही सोबत पाठवलेलं पहिलं उद्दिष्ट असं आहे: ‘यवतमाळ जिल्ह्यातील भूजलातील फ्लोराइडचा अभ्यास करणे.’ अडचण ‘अभ्यास करणे’ या दोन शब्दांत आहे. अभ्यास कधी संपला हे कसं ओळखणार? परीक्षकाला त्यातून काम दिसत नाही, म्हणून त्याला पैसेही दिसत नाहीत.

हेच असं लिहून पाहा: ‘दोन तालुक्यांतील ६० विहिरी व हातपंपांच्या पाण्यातील फ्लोराइड दोन वर्षे, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजणे, आणि लिटरला १.५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारे स्रोत कोणत्या खडकात व किती खोलीवर आहेत हे ठरवणे.’ भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं, हे एका वाक्यात आधी सांगून टाका.

आता बाकीचा प्रस्ताव या वाक्यातून आपोआप निघतो. ६० स्रोत, चार फेऱ्या, म्हणजे २४० नमुने. दर दहावा नमुना दुबार तपासायचा, म्हणजे आणखी २४. एकूण २६४. एका दिवसात गाडीने किती गावं होतील ते तुम्ही स्थानिक असल्यामुळे तुम्हालाच सांगता येईल, आणि त्यावरून प्रवासखर्च ठरतो. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड, बफर द्रावण, प्रमाण द्रावणं आणि बाटल्या यांचा खर्च २६४ या आकड्यावरून काढा. आधी ‘रसायने : २ लाख’ लिहून मग मागून कारण शोधू नका. ही उलटी पद्धत परीक्षकाला लगेच दिसते.

संशोधन सहायकाच्या वेतनात जुना आकडा टाकलेले प्रस्ताव मी आजही पाहते. कनिष्ठ संशोधन अधिछात्राची (जेआरएफ) छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि वरिष्ठाची ४२,०००. तीन वर्षांचा प्रकल्प असेल आणि तिसऱ्या वर्षी तो वरिष्ठ होणार असेल, तर ८,८८,००० अधिक ५,०४,०००, म्हणजे १३,९२,००० होतात. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे वेगळा. संस्थांची नावंही तपासा. ‘सर्ब’ (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधनाला अनुदान देणारं केंद्राचं मंडळ) आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं आहे. त्याचा कायदा २०२३ चा असून तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. कार्यशाळांतल्या स्लाइड मात्र अनेकदा त्याआधीच्या असतात. अर्ज भरताना अनुदान देणाऱ्या संस्थेचं त्या वर्षीचं मूळ आवाहनच वाचा.

उन्हाळ्यात काही विहिरी आटतील, मग तुमचे ६० स्रोत ४५ होतील. त्याचं काय करणार? हा प्रश्न तुमच्या प्रस्तावात कुठेच नाही, आणि तो पहिल्याच वाचनात माझ्या मनात आला. राखीव स्रोतांची यादी जोडा.

पाठवण्यापूर्वी तो दोघांना वाचायला द्या. एक, विषयाबाहेरचा सहकारी, इतिहासाचा असला तर उत्तम. दुसरा, तुमच्या लेखा विभागातला कर्मचारी. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कसं खर्च झालं याचा दाखला, तयार करायचं काम शेवटी त्याच्याच टेबलावर येतं. कोणत्या शीर्षाखालची खरेदी अडकते, शिल्लक रकमेचं आणि तिच्यावरच्या व्याजाचं काय होतं, हे तो दहा मिनिटांत सांगतो. प्रस्तावलेखनाच्या कार्यशाळेत मी एकदा लेखा विभागातल्या एका बाईंना बोलायला बोलावलं होतं. दोन दिवसांत सर्वांत जास्त प्रश्न त्यांनाच विचारले गेले.

प्रश्न : डाळिंबावरचा तेल्या रोग पानांच्या आणि फळांच्या फोटोंवरून ओळखणारं मॉडेल मी बनवतो आहे. माझ्याकडे सुमारे ३,००० फोटो आहेत. कार्यशाळेत सांगितलं की प्रस्तावात जीपीयूचा (अशा आकडेमोडीला वेग देणाऱ्या चिपचा) सर्व्हर टाका. १२ लाख मागू का? (सोलापूर)

आधी मोजा. ३,००० फोटोंवर, आधीच शिकवलेलं मॉडेल घेऊन पुढचं प्रशिक्षण देणं गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेच्या मोफत जीपीयूवरही जमतं. तिथे किती तास लागले, किती स्मृती लागली ते लिहून ठेवा. फोटो ३०,००० झाले तर काय लागेल याचा अंदाज त्यावरून बांधा आणि तोच तक्ता प्रस्तावात द्या. मोजलेल्या तासांवर आधारलेली मागणी आणि ‘अद्ययावत सर्व्हर आवश्यक’ हे वाक्य, यांतलं कोणतं वजनदार ठरेल हे सांगायला नको.

खरोखरच जास्त लागत असेल तर स्वतःचं यंत्र हा एकच मार्ग नाही. राष्ट्रीय महासंगणन अभियान २०१५ मध्ये ४,५०० कोटींच्या तरतुदीने सुरू झालं. पुण्याची सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ते राबवतात. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक त्यातलाच. तिथल्या यंत्रणांवर काम रांगेत लावावं लागतं आणि त्यासाठी लिनक्सच्या आज्ञा व स्लर्म (ही रांग सांभाळणारी प्रणाली) यायला हवं. कार्यशाळा करायचीच असेल तर याची करा. स्वतःच्या सर्व्हरला एसी, यूपीएस आणि सांभाळणारा माणूस लागतो. तीन वर्षांनी प्रकल्प संपला की त्याचं वीजबिल कोण भरणार, हेही आजच विचारा.

तुमचा खरा खर्च वेगळ्याच ठिकाणी आहे. फोटोतला डाग तेल्याचाच आहे, एखाद्या बुरशीचा नाही, हे रोगशास्त्र जाणणाऱ्याने एकेका फोटोवर ठरवावं लागतं. त्या माणसाच्या वेळेसाठी पैसे मागा. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तुमच्या सोलापुरातच आहे, तिथे जाऊन भेटा. आणखी एक, एकाच बागेतले फोटो प्रशिक्षणात आणि चाचणीत दोन्हीकडे गेले तर मॉडेल बाग ओळखायला शिकतं, रोग नाही. विभागणी बागेनुसार करा. अचूकतेचा आकडा खाली येईल, पण शेतकऱ्याच्या उपयोगाचा आकडा तोच.

प्रश्न : प्रस्ताव एआयकडून लिहून घेतला तर चालेल का?

इंग्रजी सुधारून घ्यायला मदत घ्या. आवाहनात त्याबाबत काही नियम असेल तर तो पाळा. उद्दिष्टं आणि पद्धत मात्र स्वतः लिहा. सहकाऱ्याचा अप्रकाशित प्रस्ताव तुमच्याकडे परीक्षणाला आला असेल तर तो अशा साधनात टाकू नका, तो विश्वासाने दिलेला असतो. आणि यादीतला प्रत्येक संदर्भ उघडून पाहा. अस्तित्वातच नसलेले शोधनिबंध ही साधनं खऱ्यासारखे लिहून देतात.

प्रश्न : मी मराठी विभागात पीएचडी करते. जात्यावरच्या सुमारे १,२०० ओव्या जमवल्या आहेत, त्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या आहेत. संगणनाच्या कार्यशाळेत मला ‘तुमचा काय उपयोग’ असं विचारलं गेलं. मी जावं का?

जावं. हा प्रश्न तुम्हाला विचारला गेला याचा मला राग आला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या समाज-अभ्यासकांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्या गाव, गायिका, विषय अशा नोंदींनिशी संगणकावर चढवल्या गेल्या म्हणूनच आज कुणालाही शोधता येतात.

तुमची पहिली अडचण फाँटची आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षर पडद्यावर ‘क’ दिसतं, पण फाईलच्या आत ते एखादं इंग्रजी चिन्ह असतं. फाँट काढला की सगळं निरर्थक होतं, आणि शोधही घेता येत नाही. त्यामुळे आधी सगळं युनिकोडमध्ये आणा. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत ते चुकतात. ५० ओव्यांवर करून पाहा, चुका कोणत्या पुन्हा पुन्हा येतात ते लिहा, आणि ‘शोधा व बदला’चे नियम बनवून मग पूर्ण फाईल घ्या. हे नियम लिहिणं हाच तुमचा पहिला प्रोग्रॅम.

मग तक्ता करा. एका ओळीत एक ओवी. ऐकली तशीच ठेवा, ‘न्हाई’चं ‘नाही’ करू नका. प्रमाण रूप हवं असेल तर ते शेजारच्या रकान्यात. गाव, तारीख, ध्वनिफितीचा क्रमांक यांचे वेगळे रकाने. आणि एक रकाना गाणाऱ्या बाईच्या नावाचा, तिने नाव द्यायला होकार दिला आहे की नाही याच्या नोंदीसह. हा होकार घ्यायचा राहिला असेल तर कार्यशाळेच्या आधी त्या गावांना जाऊन या. त्या बायांचं वय झालेलं असणार.