कराटेवाला पिंजऱ्यात टिकतो का? लियोटो माचिदाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : मी लहानपणापासून शोतोकान कराटे करतो. आता एमएमएच्या (म्हणजे पिंजऱ्यात होणारी सगळ्या कलांची मिश्र फाइट) जिमला जायला लागलोय तर तिथली पोरं म्हणतात कराटे म्हणजे नुसता नाच, कोणीही धरून खाली पाडेल. दादा, हे खरं आहे का? कराटेतून वर गेलेला कोणी फायटर आहे का?
– एक विद्यार्थी, सांगली

आहे, आणि नुसता वर नाही, थेट यूएफसीचा, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, चॅम्पियन झालेला आहे. लियोटो माचिदा. ब्राझीलचा, जन्म 1978 चा, वाढला बेलेम शहरात. वडील योशिझो माचिदा जपानहून ब्राझीलला गेलेले शोतोकानचे मास्टर, त्यामुळे घरातच डोजो (कराटेची तालीम) आणि पोरगा शाळेत जायच्या वयाआधीच कराटेला उभा. तेराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट.

पण तुझ्या जिममधल्या पोरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हेही सांगतो. 1993 मध्ये पहिली यूएफसी झाली तेव्हा रॉयस ग्रेसी नावाच्या सडपातळ माणसाने जिउ-जित्सू (जमिनीवर धरून, आवळून हरवायची कला) वापरून एकामागून एक सगळ्यांना जमिनीवर नेऊन हरवलं, आणि तेव्हापासून उभ्याने मारामारी करणाऱ्या कलांकडे, त्यात कराटेकडे, लोक जरा हसूनच बघायला लागले. माचिदाच्या घरी हे नीट समजलेलं होतं. पोराने कराटेबरोबर सुमो, म्हणजे जपानी कुस्ती, केली, पुढे जिउ-जित्सू केलं. सुमोचा फायदा बघ, समोरचा अंगावर आला की कंबर खाली, ढुंगण मागे, आणि तो धरायला बघतोय तोवर त्याला बाजूला फेकून आपण मोकळे. त्याला खाली पाडणं मोठमोठ्या रेसलरना जड गेलं ते यामुळे. म्हणजे कराटे टिकलं कारण त्याच्याभोवती बाकीचं सगळं बांधून घेतलं होतं.

2003 मध्ये जपानमध्ये पहिली फाइट, तिथे त्याला पुढे आणलं अंतोनियो इनोकीने, तोच तो जपानी प्रो-रेसलिंगचा मोठा स्टार, जो स्वतः पोरवयात ब्राझीलला राहिलेला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी माचिदाने रिच फ्रँकलिनला नॉकआउट केलं आणि हा फ्रँकलिन पुढे यूएफसीचा मिडलवेट चॅम्पियन झाला. मग 2007 ला माचिदा यूएफसीत आला. सुरुवातीला प्रेक्षक त्याच्यावर ओरडायचे, बोअर करतो म्हणायचे, कारण तो मारच खायचा नाही, सारखा मागे सरकायचा आणि एखादा ठोसा देऊन निघून जायचा. मला विचारशील तर तो काळच त्याचा सगळ्यात बघण्यासारखा होता, पण ते कळायला डोळा लागतो.

मग 23 मे 2009, लास वेगास, लाइट हेवीवेट टायटल, समोर तोपर्यंत एकदाही न हरलेला रशाद इव्हान्स. पहिल्याच राउंडमध्ये इव्हान्सला एकदा पाडला आणि दुसऱ्यात असा झोपवला की बघणारे गप्प. बेल्ट कमरेला आल्यावर माइकवर तो ओरडला की कराटे परत आलंय! हे तुझ्या जिममधल्या पोरांना सांग.

प्रश्न : पण तो नक्की करायचा काय? बॉक्सरपेक्षा वेगळं काय असतं? – पुणे

अंतर. सगळा खेळ अंतराचा. कराटेत त्याला माआई म्हणतात. बॉक्सर साधारण हाताच्या टप्प्यात उभा राहतो, दोघं एकमेकांना मारू शकतील इतक्या जवळ. माचिदा त्याच्याही बाहेर उभा राहायचा, पाय लांब पसरून, अंग आडवं करून, त्यात डावखुऱ्या स्टान्समध्ये. मग समोरच्याला मारायचं तर पाऊल टाकून आत यावंच लागतं, आणि तो ज्या क्षणी पाऊल टाकतो त्याच क्षणी माचिदाचा मागचा हात सरळ रेषेत येऊन लागतो, आपण क्लासमध्ये शेकडो वेळा मारतो ती ग्याकू-झुकी, दुसरं काही नाही. समोरचा पुढे येतोय, ठोसा पुढे जातोय, दोन्हीचा जोर एकत्र होतो. पॉइंट कराटेत जो आधी पोहोचला त्याला गुण, म्हणून हे टायमिंग लहानपणापासून हाडात बसतं. माझं स्पष्ट मत आहे की पॉइंट स्पर्धांना नावं ठेवणाऱ्यांनी माचिदाच्या जुन्या फाइट एकदा स्लो करून बघाव्यात.

प्रश्न : मग एवढा भारी होता तर टायटल वर्षभरसुद्धा का टिकलं नाही? – ठाणे

कारण शोगुन रुआ नावाच्या फायटरला या स्टाइलमधली फट सापडली. एवढा लांब स्टान्स घेतला की पुढचा पाय समोरच्याच्या ताब्यात जातो, आणि पॉइंट कराटेत मांडीवर किक मारून गुण मिळत नाहीत त्यामुळे तिथे वाचवायची सवय फारशी लागत नाही. ऑक्टोबर 2009 च्या फाइटमध्ये रुआने पाच राउंड त्याच्या पायांवर आणि बरगड्यांवर किक मारल्या. तिन्ही जजेसनी 48-47 असा माचिदा जिंकला म्हणून दिला पण बघणाऱ्यांपैकी खूप जणांना ते पटलं नाही, मलाही नाही, माझ्या मते ती फाइट रुआची होती. मे 2010 मध्ये माँट्रियलला परत गाठ पडली आणि रुआने पहिल्याच राउंडमध्ये त्याला नॉकआउट करून बेल्ट नेला, माचिदाची ती पहिली हार.

पुढे 2011 च्या शेवटी तेव्हाचा चॅम्पियन जॉन जोन्ससमोर पुन्हा टायटल फाइट मिळाली. पहिला राउंड माचिदाने छान काढला, जोन्सला तेव्हापर्यंत इतकं कोडं कोणी घातलं नव्हतं असं मला वाटतं, पण दुसऱ्या राउंडमध्ये जोन्सने उभ्या उभ्या गळा आवळला आणि संपलं. मग वजन उतरवून 84 किलोच्या मिडलवेटमध्ये आला, तिथे 2014 ला क्रिस वाइडमनशी टायटलसाठी पाच राउंड लढला आणि जजेसच्या निकालावर हरला. त्यानंतर रॉकहोल्ड, रोमेरो, एकामागून एक हार. 2016 मध्ये बंदी असलेला एक पदार्थ सप्लिमेंटमधून घेतल्याचं त्याने स्वतःच फॉर्मवर लिहून दिलं आणि तरी 18 महिन्यांचं सस्पेन्शन लागलं. नियम तो नियम, पण करिअरची दीड वर्षं त्या वयात जाणं म्हणजे फार झालं हो. अंतरावर जगणाऱ्या फायटरचं असं असतं की पाय जरासे जरी मंदावले तरी तो टप्प्यात सापडतो, कारण मार खात लढायची सवय त्याला कधी नव्हतीच.

प्रश्न : तो सकाळी स्वतःची लघवी पितो हे खरं का? – नागपूर

हो, वडिलांकडून आलेली पद्धत म्हणून त्याने हे उघडपणे सांगितलंय. आपल्याकडे मोरारजी देसाईंमुळे शिवांबू हा विषय घरोघरी माहीत आहे, त्यामुळे आपल्याला तेवढा धक्का बसायला नको. पण त्याने ताकद वाढते याला वैद्यकीय आधार नाही. तो जिंकला तो डोजोतल्या मेहनतीवर. कृपा करून कोणी करून बघू नका.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, कराटे क्लासला जातो. सर म्हणतात दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट देऊ. त्याला मोठेपणी एमएमए करायचंय. काय करू? – एक आई, नाशिक

ताई, दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. ज्याच्या घरातच डोजो, वडीलच मास्टर, त्या माचिदाला तेरावं वर्ष उजाडावं लागलं. बेल्टची घाई करू नका, पैसे जातात आणि पोराला खोटा विश्वास येतो, तो जास्त धोक्याचा. सरांना एवढंच विचारा की मुलं एकमेकांशी कुमिते (समोरासमोर लढत) किती वेळा करतात, की नुसत्या हवेत काता (ठरलेल्या हालचाली) चालतात. आणि जवळ एखादी चांगली तालीम असेल तर आठवड्यातून दोन दिवस कुस्तीला पाठवा. माचिदाला सुमोने जे दिलं तेच तुमच्या मुलाला मातीत मिळेल, तोल, कंबर, पकड सोडवणं. डोक्यावर मार बसेल असं स्पॅरिंग या वयात अजिबात नको, यात मी कोणाचं ऐकणार नाही.

प्रश्न : वेळ कमी आहे, कोणत्या फाइट बघू? – कोल्हापूर

आधी 2009 ची थियागो सिल्व्हाविरुद्धची, मग इव्हान्सची. मग रुआच्या दोन्ही, लागोपाठ बघा, म्हणजे पायाचं मी वर लिहिलंय ते डोळ्याने कळेल. एप्रिल 2011 ची टोरोंटोची बघाच, 55 हजारांहून जास्त लोकांसमोर 47 वर्षांच्या रँडी कूचरला एका गुडघ्याची हूल देऊन उडी मारत दुसऱ्या पायाने हनुवटीवर किक, आणि कूचरने त्यानंतर खेळणंच सोडलं. शेवटी मे 2018, रिओ, समोर व्हिटर बेलफोर्ट, आणि माचिदाच्या चाळिशीला अठरा दिवस बाकी. दुसरा राउंड, साधी सरळ माए-गेरी, म्हणजे समोर मारायची किक, पहिल्या बेल्टच्या पोरांना शिकवतात ती, आणि बेलफोर्ट नॉकआउट.