सुक्रेहून उयुनीला जाताना पोटोसीला एक रात्र थांबावं का?

थांबा, नक्की थांबा. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या मैदानाकडे जाताना पोटोसी या जुन्या खाणीच्या शहरात मुक्काम करावा की नुसती बस बदलावी, असं तुम्ही विचारलंय. सोबत साठी ओलांडलेली आई आहे, दोघंही शाकाहारी आहात आणि खाणीची सहल करावी की नाही याबद्दल मनात शंका आहे. एक रात्र आणि दुसरा दिवस संध्याकाळपर्यंत, एवढा वेळ पुरतो. मात्र त्यातला मोठा वाटा तिथल्या जुन्या टांकसाळीला द्या, खाणीला नाही. मी तसंच केलं आणि पुन्हा गेले तरी तसंच करीन.

आधी उंचीचं बोलू, कारण आईंच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे. पोटोसी ४,००० मीटरच्या वर आहे. लेह ३,५०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेहला ज्यांना त्रास झाला त्यांना इथे जास्तच होणार. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. सुक्रे २,८०० मीटरवर आहे आणि तिथून तीन-साडेतीन तासांत तुम्ही हजार मीटरहून जास्त वर येता. म्हणून सुक्रेत दोन-तीन रात्री निवांत काढा. सुंदर शहर आहे, वेळ वाया जाणार नाही. आईंना रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसाचा काही त्रास असेल तर भारतातून निघण्याआधीच डॉक्टरांना पूर्ण मार्ग सांगा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घ्यावी का हेही त्यांनाच विचारा, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा.

पहिल्या संध्याकाळी काहीही बघायला जाऊ नका. हॉटेल मुख्य चौकाजवळच घ्या. गल्ल्या अरुंद आणि चढाच्या आहेत, आणि बॅग घेऊन दोनशे पावलं चालणंही तिथे काम असतं. हलकं डोकं दुखणं, झोप तुटणं हे बहुतेकांना होतं. पण उलट्या थांबत नसतील, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर सकाळची वाट न बघता टॅक्सी करून सुक्रेला खाली उतरा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो आणि बोलिव्हियात तो कायदेशीर आहे. पानं भारतात मात्र आणू नका, इथे तो गुन्हा आहे. नोकरीसाठी लवकरच अमली पदार्थांची तपासणी होणार असेल तर चहाही टाळा, तपासणीत तो दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासा दे ला मोनेदा, म्हणजे टांकसाळ. दगडी किल्ल्यासारखी ही इमारत १७७३ मध्ये पुरी झाली. आत मार्गदर्शकासोबतच फिरावं लागतं. स्वेटर घालूनच जा, बाहेर ऊन असलं तरी आतल्या दालनांत गारठा असतो. एका मजल्यावर चांदीच्या पट्ट्या लाटणारी प्रचंड लाकडी दातेरी चाकं आहेत. ती फिरवायला खालच्या मजल्यावर खेचरं गोल गोल चालवली जात. त्या चाकांपाशी उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा या शहराचा आवाका कळला.

कारण खिडकीतून दिसतो तो सेरो रिको, लालसर शंकूसारखा डोंगर. १५४५ मध्ये त्यात चांदी सापडली आणि या ओसाड पठारावर काही दशकांत त्या काळच्या जगातलं एक मोठं शहर उभं राहिलं. १५७०च्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने ‘मिता’ ही वेठबिगारी नेमाने लावली. दूरदूरच्या प्रांतांतून दर वर्षी सुमारे १३,००० मूळनिवासी पुरुष पाळीने इथे आणले जात. चांदी वेगळी करायला पेरूतल्या वांकावेलिकाहून पारा येई, आणि तो अंगात भिनून माणसं खंगत. टांकसाळीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. एवढ्या यातनेतून निघालेल्या चांदीचा काही भाग युरोपमार्गे गोव्यात आणि सुरतेत येत असे. रियाल ही स्पॅनिश चांदीची नाणी वितळवून सुरतेच्या टांकसाळीत मुघल रुपये पाडले जात. आपल्या इतिहासात ‘परदेशी चांदी आली’ एवढंच वाक्य असतं, ती कुणाच्या हातांनी आली ते इथे समजतं.

टांकसाळीतलंच एक चित्र चुकवू नका. अठराव्या शतकातल्या अनामिक चित्रकाराने मेरीचा झगा म्हणून सेरो रिकोच रंगवला आहे. त्यावर वाटा आहेत, लामा हे ओझी वाहणारे प्राणी आहेत, माणसं आहेत, वर मेरीचा चेहरा आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र. तिथल्या लोकांनी आपली धरणीमाता, पाचामामा, ख्रिस्ती देवळात कशी जपली हे त्याहून नेमकं मी कुठे पाहिलं नाही. मग सान लोरेन्झो चर्चचं कोरीव दार बघा, त्यावरच्या जलपऱ्या चरांगो हे छोट्या गिटारसारखं वाद्य वाजवतात. सान फ्रान्सिस्को मठाच्या छतावरून सगळं शहर आणि डोंगर दिसतो, पण पायऱ्या आहेत. आईंना जमेल तेवढंच.

आता खाण. मी आत गेले नाही, माझी मैत्रीण गेली. हे संग्रहालय नाही, चालू खाण आहे. सहकारी संस्थांचे कामगार आजही जस्त, शिसं, कथील आणि उरलीसुरली चांदी काढतात. वाकून, कधी रांगत जावं लागतं, आत धूळ आणि उकाडा. सिलिकोसिसने, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, तिथले पुरुष ऐन उमेदीत जातात. डोंगर इतका पोखरलाय की २०११ मध्ये शिखराजवळ मोठा खड्डा पडला, आणि २०१४ पासून युनेस्कोने शहराला धोक्यातल्या वारसास्थळांत धरलंय. मैत्रिणीचं म्हणणं, तिचा मार्गदर्शक स्वतः पूर्वी खाणीत होता, आणि पर्यटकांमुळेच त्याला बाहेरचं काम मिळालं. हे मला पटतं. तरीही कुणाच्या पाळीच्या वेळी हेल्मेट घालून बघायला जाणं माझ्या मनाला रुचलं नाही. आईंना तर नेऊच नका. तुम्ही एकटे जाणार असाल तर पूर्वी खाणकाम केलेला मार्गदर्शक शोधा, आणि दमा असेल तर तेही नको.

जेवणाचं थोडं जपून. गरम दगड टाकून उकळत आणतात ते कालापुर्का सूप प्रसिद्ध आहे, पण त्यात मांस असतं. किन्वाच्या सूपलाही बहुधा मांसाचंच पाणी असतं, त्यामुळे ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणण्यावर थांबू नका, ‘सिन काल्दो दे कार्ने’ (मांसाच्या पाण्याशिवाय) असंही विचारा. बाजारात सकाळी जांभळ्या मक्याचं दालचिनी-लवंग घातलेलं गरम ‘आपी’ आणि चीज भरलेली तळलेली पुरी मिळते. आम्ही दोन्ही वेळा तेच खाल्लं असतं तरी चाललं असतं. डाळ-भात करायचा विचार सोडा, इथे पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं.

जून-जुलैत रात्री शून्याखाली जातात, जाड कपडे हाताशी ठेवा. उयुनीची बस जुन्या बसस्थानकातून सुटते आणि सुक्रेची नव्या, त्यामुळे टॅक्सीवाल्याला कुठलं ते नीट सांगा. बोलिव्हियात आंदोलनांमुळे रस्ते अडवले जाणं नित्याचं आहे. आदल्या संध्याकाळी हॉटेलात चौकशी करा आणि उयुनीच्या सहलीआधी एक दिवस मोकळा ठेवा.