कोरफडीची पानं पातळ आणि तांबूस : पाण्याचा ताण की क्षार?

सोलापूरकडची काळी जमीन, विहिरीचं मचूळ पाणी, एप्रिलपासून पातळ पडलेली पानं, गर कडू म्हणून कारखान्याने परत केलेला माल, आणि जिप्सम (जमीन सुधारायला टाकतात ते कॅल्शियम सल्फेट) टाकू का, असा तुमचा प्रश्न आहे. जिप्समचं नंतर बघू. आधी नेमकं काय झालंय ते ओळखा.

पाण्याच्या ताणात अख्खं पान पातळ होतं, पन्हाळीसारखं आत वळतं, तांबूस दिसतं. गोडं पाणी मिळालं की आठ-पंधरा दिवसांत परत भरतं. क्षाराचा मार मात्र बाहेरच्या जुन्या पानांच्या शेंड्यापासून सुरू होतो, आणि वाळलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. ड्रिपरच्या ओलीच्या कडेला पांढरी पापडी धरली असेल तर शंकाच नको.

तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे. जमिनीतली ओल निम्म्यावर आली की उरलेल्या पाण्यातले क्षार जवळपास दुप्पट तीव्र होतात. म्हणून ‘कोरफडीला पाणी लागतच नाही’ असं धरून मचूळ पाणी शिंपडल्यासारखं देणं सगळ्यात वाईट. कोरफड पानावरची बारीक छिद्रं (पर्णरंध्रं) रात्री उघडते, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि ती दुष्काळात तगते. पण तगलेल्या झाडाला वजन येईलच असं नाही. फुटवेही कमी येतात.

आता कडूपणा. पिवळा चीक सालीला लागूनच असतो. पान पातळ असलं की साल काढताना चिकाचा थर गराबरोबर येतो, शिवाय ताणात चिकातलं अ‍ॅलोइन हे कडू द्रव्य वाढू शकतं. पिण्याच्या रसात ते 10 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 10 भाग) आत लागतं. पान बुडातून कापा, कापलेलं टोक खाली करून उभं ठेवा, चीक निथळू द्या आणि माल त्याच दिवशी पोचवा. वजनासाठी तोडणीआधी पाणी तुंबवू नका. गरात तसंही 98-99 टक्के पाणीच असतं.

जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला : सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) 15 टक्क्यांच्या वर. सामू आणि सोडियम दोन्ही त्याच्या आत आणि संपृक्त अर्काचा (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) ईसी, म्हणजे क्षार मोजणारी विद्युतवाहकता, 4 डेसिसीमेन/मीटरच्या वर असेल, तर जमीन नुसती क्षारयुक्त आहे. तिथे जिप्सम म्हणजे आणखी एक क्षारच. अहवालातला ईसी 1:2.5 द्रावणाचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) असेल तर आकडा बराच कमी दिसतो, त्याला 4 ची फूटपट्टी लावू नका.

क्षारयुक्त जमिनीत आधी चर काढून निचरा करा, गादीवाफे घ्या, मग क्षार धुऊन खाली जावेत म्हणून दर पाळीला 15-20 टक्के जादा पाणी द्या. निचरा नसताना जादा पाणी दिलंत तर मुळं कुजतील. म्युरेट ऑफ पोटॅश बंद करा, त्यात क्लोराइड आहे. सल्फेट ऑफ पोटॅश वापरा.

पावसाची पहिली हलकी सर आली म्हणून ड्रिप बंद करू नका. कडेला साठलेले क्षार ती सर मुळांकडे ढकलते. जमीन खोलवर भिजेल असा पाऊस होईपर्यंत ड्रिप चालू ठेवा.